घरातला कॉम्प्युटर

कोपरखैरणे, मंगळवार रात्र

आज अकरावीच्या मुलांना प्रकल्प टाइप करून आणायला सांगितलं. लगेच प्रश्न आला, "मॅडम, मोबाईलवर केला तर चालेल ना?" घरी कॉम्प्युटर कोणाकोणाकडे आहे म्हणून विचारलं, तर मोजकेच हात वर झाले. महापे-ऐरोलीच्या आयटी कंपन्या इथून रिक्षाच्या अंतरावर, तरी ही स्थिती. वाईट वाटलं.

जेवणं उरकून आकडे शोधत बसले. २००१ च्या जनगणनेत रेडिओ, टीव्ही, टेलिफोन, सायकल सगळं विचारलं होतं. कॉम्प्युटरचा प्रश्नच नव्हता. २०११ मध्ये तो आला, तेव्हा देशातल्या ९.५ टक्के घरांत कॉम्प्युटर किंवा लॅपटॉप होता, आणि त्याला इंटरनेट जोडलेली घरं देशातल्या एकूण घरांच्या ३.१ टक्केच. पुढे २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत हे प्रमाण १०.७ टक्के निघालं, तेही टॅबलेट धरून. शहरांत २३.४, खेड्यांत ४.४. दोन्ही मोजण्यांची पद्धत वेगळी आहे हे खरं, पण वाढ नावापुरतीच दिसते. इंटरनेट मात्र तोवर जवळपास २४ टक्के घरांत पोचलं होतं. २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि लोकांनी थेट फोन घेतला. २०२१ ची जनगणना तर पुढेच ढकलली गेली.

अमेरिकेत १९८४ साली ८.२ टक्के घरांत कॉम्प्युटर होता, २००० साली निम्म्याहून थोड्या जास्त घरांत. आपण जवळपास तिथूनच निघालो होतो, पण मधला टप्पा आपल्याकडे आलाच नाही.

मला खटकतं ते हेच. आमच्याकडे कॉम्प्युटर आला तो लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून जोडलेला. हॉलमध्ये ठेवला होता, त्यामुळे तो सगळ्यांचा झाला. दादा त्यावर प्रोग्रॅमिंग शिकला, आई महिला मंडळाचा हिशेब एक्सेलमध्ये मांडायला लागली, शेजारच्या ताईंचा बायोडेटा मी टाइप करून दिला. इंटरनेट लावलं की फोन एंगेज, म्हणून बाबा ओरडायचे. पण कोणी काय करतंय ते सगळ्यांना दिसायचं, आणि पाहता पाहता दुसराही शिकायचा.

फोन ज्याचा त्याच्या हातात असतो. त्यावर मुलं खूप बघतात, वाचतातही, हे मी नाकारत नाही. पण दहा पानांचा प्रकल्प, तक्ता, चार ओळींचा का होईना प्रोग्रॅम, हे अंगठ्याने होत नाही. कीबोर्डवर हात बसायला रोज समोर कीबोर्ड लागतो. नोकरीच्या पहिल्या दिवशी तो पहिल्यांदा समोर येणार असेल, तर त्या मुलावर हा अन्याय आहे.

उद्या प्राचार्यांना भेटायचं आहे. कॉलेज सुटल्यावर तासभर लॅब उघडी ठेवायला परवानगी मागणार आहे. मी थांबेन म्हणून सांगणार. प्रकल्पाची तारीखही आठवडाभर पुढे ढकलते.