हॉर्निमन सर्कलच्या बागेत हिंगणघाटचे कापूसवाले

मी फोर्टात हेरिटेज वॉक घेतो. हॉर्निमन सर्कलच्या बागेतलं माझं बोलणं आता तोंडपाठ आहे, समोरचा टाउन हॉल 1833 चा, बाग 1872 ला पुरी झाली, आधीचं नाव एल्फिन्स्टन सर्कल, मग बॉम्बे क्रॉनिकलच्या बेंजामिन हॉर्निमनचं नाव दिलं, ज्याला सरकारवर फार टीका करतो म्हणून इंग्रजांनीच 1919 मध्ये उचलून विलायतेला धाडलं होतं. लोक माना डोलावतात, फोटो काढतात, पुढे चालू.

त्या दिवशी ग्रुप होता हिंगणघाटकडच्या शेतकऱ्यांचा, एका खत कंपनीच्या ट्रिपवर आलेले, सगळे कापूसवाले आणि मुंबईच्या घामाने बेजार. कमानी, लोखंडी कुंपण वगैरे त्यांनी मान राखून बघितलं. एक काका सरळ झाडाखाली आडवेच झाले. मग मी म्हणालो की बाग नव्हती तेव्हा इथे मोकळं मैदान होतं, बॉम्बे ग्रीन, आणि त्यावर कापसाच्या गाठींच्या थप्प्या लागायच्या, म्हणून कॉटन ग्रीनसुद्धा म्हणायचे. आडवे झालेले काका उठून बसले.

आणि मग जे प्रश्न सुरू झाले! पावसात गाठी कुठे ठेवत होते जी? काटा कोनाचा? कडता कापत होते का? मला आजवर कुणी कडत्याबद्दल, म्हणजे मालाच्या वजनातून जी घट कापतात तिच्याबद्दल, विचारलं नव्हतं. बाजार 1844 ला कुलाब्याला हलला एवढं सांगितलं, भाव खंडीवर होता, खंडी म्हणजे 784 पौंड, असं म्हणालो तर काका लगेच, "म्हंजे 356 किलो, रुई आजबी खंडीवरच विकते ना भाऊ." हे मला माहीत नव्हतं.

मग अमेरिकेतलं यादवी युद्ध, 1861 ते 65, तिकडचा कापूस लिव्हरपूलला जायचा थांबला आणि आपल्या मालाचा भाव कैक पट चढला, हिंगणघाटचा कापूस तर तिथे नावाने ओळखला जायचा, हे ऐकून सगळे खूश. तेव्हा शेतकऱ्यांनी नांगराला चांदीचे फाळ आणि गाडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसवल्या असं त्या काळच्या लिखाणात येतं, ही माझी हुकमी गोष्ट आहे, शहरातले लोक इथे हमखास "वॉव" करतात. हे लोक हसायलाच लागले. "काळ्या मातीत चांदीचा फाळ एक तासबी नाही टिकायचा, लिहिणाऱ्यानं वावर पाह्यलं होतं का?"

तेव्हा माल यायचा कसा, असं एकाने विचारलं. म्हटलं नागपूरला रेल्वे पोचली 1867 ला, म्हणजे तेजीत तुमच्याकडून माल निघायचा तो बैलगाडीनेच, आणि 65 ला युद्ध संपलं तसा भाव कोसळला, मुंबईतले मोठमोठे सटोडिये बुडाले.

"म्हंजे भाव गेला अन् मंग रेल्वे आली," काका म्हणाले. "सरकारी काम हाय."

पुढे गेटवे होता प्लॅनमध्ये. पण आता कापूस कुठे असतो हे विचारल्यावर मी शिवडीजवळच्या कॉटन ग्रीनचं नाव घेतलं, तिथे आता गंजी-बिंजी काही नाही, कॉटन एक्स्चेंजची इमारत आहे आणि गोदामं, हेही सांगितलं. काही उपयोग नाही. सगळी फौज सीएसएमटीला, हार्बरच्या लोकलमध्ये, आणि ट्रिपचा मॅनेजर मला फोनवर विचारतोय की गेटवेजवळ एवढ्या थाळ्या सांगून ठेवल्यात त्यांचं काय करू.