टिकटिक बंद, शेरा मात्र ‘चेक्ड ओके’

“मॅडम, कर्सर हलतोय ना? मग चालतोय की!”

हे वाक्य मी २३ दिवसांत तीन वेळा ऐकलं. काउंटर एकच, मुलं तीन वेगवेगळी. अजून आठवलं की डोकं तापतं, म्हणून लिहायला बसले आहे. कोणाकडे माझ्यासारखा गेम खेळायचा टचपॅडवाला कंट्रोलर असेल आणि एक दिवस तो मुका झाला, तर निदान माझ्यासारखे हेलपाटे पडू नयेत.

वस्तू म्हणजे व्हॉल्व्ह कंपनीचा स्टीम कंट्रोलर. २०१५च्या नोव्हेंबरात बाजारात आला तेव्हा ५० डॉलरला एक सेंट कमी होता. २०१९च्या नोव्हेंबरात कंपनीने तो बंद करायचं ठरवलं आणि उरलेला माल ५ डॉलरला काढला. मी तेव्हा ऑनसाइटला न्यू जर्सीत होते. वस्तूपेक्षा घरपोच आणायचा खर्च जास्त होता, तरी घेतला. पाच डॉलरला काहीही घेणाऱ्यांच्या जातीतली मी. पुढे सामानाबरोबर तो पुण्याला आला आणि इथे खरा वापरात आला.

नेहमीच्या कंट्रोलरवर दोन्ही अंगठ्यांसाठी दांड्या असतात. यावर दांडी एकच, डावीकडे. बाकी दोन गोल चकत्या, चांगल्या मोठ्या पेढ्याएवढ्या. डावीवर अधिकच्या चिन्हासारखी खाच, उजवी साफ गुळगुळीत. २०१३ साली कंपनीने पहिला नमुना दाखवला, त्यावर तर तीही एक दांडी नव्हती, नुसत्या चकत्या. माउसशिवाय खेळता येत नाहीत असे गेम सोफ्यावर पाय पसरून खेळता यावेत, हा हेतू. मी ‘एज ऑफ एम्पायर्स’चा दुसरा भाग खेळते. त्यात सुरुवातीची दहा मिनिटं मेंढ्या शोधण्यात जातात. दांडीने मेंढी पकडायची म्हणजे चमच्याने डास मारण्यासारखं आहे. चकतीने जमतं.

आणि जमतं ते टिकटिकीमुळे. हे मला ती गेल्यावर कळलं.

चकतीखाली एक छोटा भाग असतो, तो बारीक ठोके देतो. अंगठा हळू सरकवला की टिक… टिक… टिक. जोरात फिरवला की टिर्रर्र. झटका देऊन अंगठा उचलला, तर आत खरंच एखादा गोळा फिरतोय असं वाटतं. ठोके हळूहळू लांबत जातात आणि शेवटचा एक टिक होऊन गोळा थांबतो. आत गोळाबिळा काही नाही, चकती जागची हलत नाही. पण अंगठ्याला दाते असलेलं चाक लागतं आणि किती दाते पुढे गेलो हे त्याला आपोआप कळतं. पडद्यावर डोळे असतात मेंढीवर, हिशोब अंगठा ठेवतो.

तर एका रविवारी माझ्या मेंढ्या सुटायला लागल्या. कर्सर दर वेळी बोटभर पुढे जायचा. मी मागे ओढायचे, तो जास्तच मागे. मला वाटलं वय झालं. खरंच! पस्तिशी उलटली, आता हात पूर्वीसारखा चालत नाही, अशी मनाची समजूत घालून घेतली. संवेदनशीलता चार वेळा बदलली. नवे पेन्सिल सेल टाकले. फर्मवेअर, म्हणजे कंट्रोलरच्या आतलं सॉफ्टवेअर, पुन्हा भरलं. सगळं कॉन्फिगरेशन पुसून पहिल्यापासून केलं, त्यात दोन शनिवार गेले. उजवी चकती ठोके देत नाही हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. असलेली गोष्ट नाही हे पटकन कळत नाही, नुसतं काहीतरी चुकतंय एवढंच वाटत राहतं.

कळलं ते आवाजावरून. हा कंट्रोलर चालू केला की एक छोटीशी धून वाजते. त्याला स्पीकर नाही, ती धून हेच ठोके देणारे भाग वाजवतात. त्या दिवशी पंखा बंद होता, घरात शांतता होती, आणि धून एका अंगानेच आली. उजव्या बाजूला कान लावला तर सामसूम.

(तुमच्या कंट्रोलरची शंका असेल तर आधी हीच परीक्षा करा. पंखा बंद, टीव्ही बंद, कंट्रोलर कानाशी. माझे दोन शनिवार वाचले असते.)

आता दुरुस्ती. माल बंद झालेला, वॉरंटीचा प्रश्नच नाही. ओळखीतल्या एकाने गेमिंगचं सामान दुरुस्त करणारं मोठं दुकान सांगितलं. नाव लिहीत नाही. काचेचं दार, एसी, टोकन, सगळं व्यवस्थित. काउंटरवरच्या मुलाने पहिला प्रश्न विचारला, “मुलाचा आहे का?” म्हटलं, माझा. त्याने एकदा माझ्याकडे, एकदा कंट्रोलरकडे पाहिलं आणि फॉर्म पुढे केला.

फॉर्मवर ‘तक्रार’ या रकान्याखाली चौकोन होते. चालू होत नाही. चार्ज होत नाही. बटण दबत नाही. ड्रिफ्ट. इतर. मी ‘इतर’वर खूण करून समोरच्या दीड इंच जागेत लिहिलं, ‘उजव्या टचपॅडची टिकटिक येत नाही, डाव्याची येते.’ मुलाने ते वाचून कॉम्प्युटरवर चढवलं, ‘टचपॅड इश्यू’. मी म्हटलं, असं नाही. तो म्हणाला, “सिस्टिममध्ये तेवढंच घेतं, मॅडम.” तपासणीचे ३५० रुपये आगाऊ.

आठ दिवसांनी मेसेज आला, कंट्रोलर तयार आहे. मी उड्या मारत गेले. जॉबकार्डवर शेरा होता ‘चेक्ड ओके’. म्हटलं दाखवा. त्याने कंट्रोलरचा वायरलेस रिसीव्हर कॉम्प्युटरला लावला, उजव्या चकतीवर अंगठा फिरवला, पडद्यावर कर्सर इकडून तिकडे पळवला आणि ते पहिलं वाक्य टाकलं.

यात एक मेख आहे. कॉम्प्युटरवर स्टीम, म्हणजे व्हॉल्व्हचं गेम चालवायचं सॉफ्टवेअर, चालू नसलं तरी हा कंट्रोलर साधा माउस म्हणून वागतो. त्यामुळे कर्सर हलणारच. दुकानाच्या मशीनवर स्टीम घातलेलंच नव्हतं. टचपॅडची तक्रार, टचपॅडने कर्सर हलतो, म्हणजे तक्रार खोटी. त्यांच्या बाजूने गणित चोख. मी त्याला म्हटलं, “डोळे मिटा आणि आधी डाव्यावर अंगठा फिरवा, मग उजव्यावर.” भर दुकानात डोळे मिटायला तो लाजला. सीनियरला विचारतो म्हणाला आणि कंट्रोलर पुन्हा आत गेला.

दुसऱ्या खेपेला दुसरा मुलगा. शेरा तोच, वाक्यही तेच. या वेळी मी तयारीने गेले होते. काउंटरवर एक मॅकबुक होतं. मी म्हटलं, हा बंद करून त्याचा टचपॅड दाबून बघा. २०१५पासून ॲपलने बहुतेक लॅपटॉपमध्ये न हलणारा पॅड दिला आहे. आपल्याला क्लिक लागते ती आतून दिलेल्या ठोक्याची असते, म्हणून मशीन बंद केलं की पॅड दगडासारखा लागतो. माझ्या कंट्रोलरची उजवी बाजू तशी झाली आहे, एवढंच मला सांगायचं होतं. तो म्हणाला, “मॅडम, तो कस्टमरचा आहे.” मागे रांगेतल्या काकांनी घड्याळात बघून मोठा उसासा टाकला.

त्या रात्री मी आईपुढे तणतणले. आईला कंट्रोलर म्हणजे काय याच्याशी कर्तव्य नाही, पण ती म्हणाली, “तुझ्या त्या नव्या शेगडीचं तसंच आहे. नुसती काच. मिक्सरचं बटण कसं, एक, दोन, तीन, खटखट हाताला कळतं. मी इकडे कांदा बघत मिक्सर फिरवते. शेगडीकडे मात्र डोळे लावून बसावं लागतं.” मला जे दीड इंचात लिहिता आलं नव्हतं ते हेच होतं. जुन्या नोकियावर पाचच्या आकड्यावर बारीक उंचवटा असायचा, त्याच्या भरवशावर आम्ही लेक्चरला बाकाखाली मेसेज लिहायचो. त्या अंगठ्याला आता नुसती काच दिली तर तो आंधळाच होणार.

तिसऱ्या खेपेला निदान काहीतरी घडलं. तिसरा मुलगा. कर्सरचं वाक्य झालं, मी शांतपणे “व्हायब्रेशन” एवढा एकच शब्द उच्चारला, आणि त्याचे डोळे चमकले. “अहो, असं सांगा ना! मोटर बदलू.” आतून त्याने दुसऱ्या कुठल्या कंट्रोलरची मोटर आणून दाखवली, बाजूला वजन लावलेली, गरगर फिरणारी. गोळी लागली, गाडी आदळली की हातात घुर्रर्र होतं ते याच मोटरीने. तिला वेग घ्यायला वेळ लागतो, थांबायलाही लागतो. तिच्याकडून टिक होणं शक्य नाही, फार तर धुसफूस होईल. हे मी सांगितलं. तो म्हणाला, “मॅडम, व्हायब्रेशन ते व्हायब्रेशन.” मी कंट्रोलर उचलला. ३५० परत मिळणार नाहीत, कारण तपासणी झालेली आहे.

दाराबाहेर पडले नाही तोच मोबाइल वाजला. ‘तुमचा फीडबॅक आमच्यासाठी महत्त्वाचा आहे.’ मी तिथेच पायरीवर उभी राहून एकटीच हसले. वॉचमनने पाहिलं.

हो, एक राहिलं. असा कंट्रोलर कुठेही द्याल तेव्हा रिसीव्हर आणि केबल बरोबर द्या, आणि सेल काढून घ्या. माझे चांगले चार्जिंगवाले सेल गेले आणि कुठलेतरी स्वस्तातले आले. तेही मला घरी कळलं.

पुढचं सगळं एका तासात झालं. बुधवार पेठेत तपकीर गल्लीच्या आसपास एक आजोबा बसतात. ॲम्प्लिफायर आणि जुने रेडिओ दुरुस्त करतात. मी गेले होते वेगळ्याच कामाला, टेस्टर घ्यायला. पिशवीत कंट्रोलर होता. सहज विचारलं. माझा लॅपटॉपही बरोबर होता, म्हणून रिसीव्हर लावून स्टीम चालू करून दिलं. आजोबांनी पडद्याकडे पाहिलंसुद्धा नाही. डाव्या चकतीवर अंगठा फिरवला, उजव्या चकतीवर फिरवला, मग कंट्रोलर कानाला लावून दोन्ही पुन्हा फिरवल्या.

“हा बोलतो. हा नाही बोलत.”

मला रडू यायचं बाकी होतं.

“पण मोटर नाही हो ही ताई, स्पीकरची भावंडं आहेत,” म्हणाले. बरोबरच होतं. आत कॉइल आहे, चुंबक आहे, स्प्रिंग आहे. वीज मिळाली की वजन पुढे-मागे हलतं, गरगर फिरत नाही. म्हणून एकच छोटा ठोका मारून गप्प बसता येतं, आणि म्हणूनच धूनही वाजते.

मागचं झाकण काढलं. ते सेलचं झाकणही आहे आणि मागच्या दोन बटणांची पट्टीही, त्यामुळे अर्धं काम विनास्क्रू होतं. आतले स्क्रू मात्र चांदणीच्या तोंडाचे आहेत. घरी उघडणार असाल तर तसा बारीक पाना आणा, साध्या स्क्रूड्रायव्हरने डोकी खाल्ली जातात. माझ्या कंट्रोलरमधली दोन आधीच खाल्लेली होती. ‘चेक्ड ओके’वाल्यांनी उघडून तरी पाहिला होता, हे तेव्हा समजलं.

आजोबांनी मीटर लावला. कॉइल शाबूत. मग भिंग डोळ्याला लावून एका केसाएवढ्या तारेकडे बोट दाखवलं. टाका सुटला होता. सोल्डरिंगची तार तापली, धुराची एक बारीक रेघ वर गेली, टाका बसला. झाकण लावायच्या आधीच मला म्हणाले, फिरवा. मी अंगठा ठेवला.

टिक.

आजोबांनी १२० रुपये घेतले. मी दोनशे देत होते, त्यांनी ऐंशी मोजून परत केले आणि विचारलं, “याने करता काय तुम्ही?” मी म्हटलं, मेंढ्या पकडते. त्यांनी मान डोलावली आणि पुढचा रेडिओ ओढला.

घरी आल्यावर एक गोष्ट लक्षात आली. उजवी बाजू आता डावीपेक्षा जोरात ठोके देते. सेटिंगमध्ये दोन्हींची तीव्रता वेगळी ठेवता येते, तेव्हा उजवीची एक पायरी उतरवली. धून अजून थोडी उजवीकडे झुकलेली वाजते. डावी उघडून बघायची खुमखुमी येते अधूनमधून, पाना आणलेला आहे. आईने तो मिक्सरच्या खणात लपवून ठेवलाय.