आधी कंट्रोल-क्यू दाबा, विंडो बंद करायचं मग बघू

लिनक्सचं टर्मिनल, म्हणजे हुकूम टाइप करायची विंडो, टाइप केलेलं घेत नाही अशी तक्रार केली की समोरून ठरलेलं उत्तर येतं: विंडो बंद करा, नवीन उघडा. त्या विंडोत काय चाललंय याचं सांगणाऱ्याला सोयरसुतक नसतं. माझ्यासमोरच्या विंडोत एसएसएचमधून (दूरच्या मशीनवर लॉगिन करायचा मार्ग) सर्व्हरवर मोठा डेटा इम्पोर्ट चालू होता. शिफ्ट बदलताना ती विंडो मला चालू अवस्थेतच मिळाली होती. विंडो बंद झाली तरी काम चालू ठेवणाऱ्या नोहप किंवा टीमक्समधून इम्पोर्ट सुरू केलेला नव्हता, त्यामुळे विंडो बंद केली की प्रोग्रॅमला हँगअपचा सिग्नल जाणार आणि तो तिथेच मरणार. अर्धवट भरलेलं टेबल निस्तरायचं काम मग माझ्याच गळ्यात.

लक्षण असं होतं. स्क्रिप्ट थोड्या थोड्या वेळाने प्रगतीची एक ओळ छापायची, ते थांबलं होतं. कर्सर मात्र मजेत लुकलुकत होता. अक्षर दाबलं तर दिसत नव्हतं आणि एंटर मारला तर कर्सर जागचा हलत नव्हता. शेजारच्या विंडोत त्याच कीबोर्डने सगळं नीट टाइप होत होतं. तरीही सपोर्टवाल्यांनी आधी स्क्रीनशॉट मागितला. गोठलेल्या टर्मिनलचा स्क्रीनशॉट चांगल्या टर्मिनलसारखाच दिसतो, त्यात ते काय बघणार होते देव जाणे. मग कीबोर्ड बदलून बघा म्हणाले. मग तिकीट दुसऱ्या टीमकडे गेलं आणि तिथून सल्ला आला: कंट्रोल-सी मारा.

हा सल्ला सगळ्यात घातक, कारण तो लागू पडतो! कंट्रोल-एस दाबलं की टर्मिनल छापणं थांबवतं आणि कंट्रोल-क्यूने पुन्हा सुरू करतं. ते असं थांबलेलं असेल तर कंट्रोल-सी दाबताच लिनक्स आउटपुट पुन्हा सुरू करतं, पण त्याच दणक्यात चालू प्रोग्रॅमही मारतं. प्रॉम्प्ट (पुढच्या हुकमाची वाट बघणारी खूण) आला म्हणून माणूस खूश, आणि प्रोग्रॅमच हँग झाला होता असा कायमचा गैरसमज.

मी दुसरी एसएसएच विंडो उघडून पीएस या हुकमाने त्या प्रोसेसची, म्हणजे चालू प्रोग्रॅमची, स्थिती बघितली. ती एका अक्षरात दिसते. टी असता तर कुणीतरी कंट्रोल-झेडने थांबवलंय, एफजी लिहून परत आणता आलं असतं. डी असता तर डिस्क किंवा नेटवर्कवरच्या फाइलसाठी अडकलंय, आणि तिथे प्रोग्रॅम जबरदस्तीने मारणारं किल मायनस नाइनसुद्धा बहुधा चालत नाही. माझ्याकडे एस होता, म्हणजे कशाची तरी वाट बघत झोपलेली प्रोसेस. सीपीयू शून्य. इम्पोर्ट चालू असताना सीपीयू शून्य का, तिथे माझी ट्यूब पेटली. तिला पुढची ओळ छापायची होती आणि टर्मिनल ती घेत नव्हतं. म्हणजे अडकलं होतं ते आउटपुट. इनपुटला काहीच झालेलं नव्हतं.

एरवी प्रोग्रॅम कितीही गुंतलेला असला तरी आपण दाबलेली अक्षरं सहसा पडद्यावर उमटतात, कारण ती लिनक्सचा गाभा असलेलं कर्नल परत पाठवतं, प्रोग्रॅमचा त्यात हात नसतो. अक्षरही उमटत नाही आणि एंटरही हलत नाही, तर पहिला संशय कंट्रोल-एसवर घ्यावा.

कंट्रोल-क्यू दाबला आणि ओळी धडाधड पडायला लागल्या. तिकीट टीमाटीमांत फिरत होतं तेवढा सगळा वेळ इम्पोर्टही जागेवर थांबून होता, हे कळल्यावर जो संताप झाला तो अजून पुरता उतरलेला नाही.

ही भानगड टेलिटाइपच्या, म्हणजे तारेवरून आलेली अक्षरं कागदावर छापणाऱ्या यंत्रांच्या काळातली. १९६३ मध्ये आलेलं मॉडेल ३३ सेकंदाला १० अक्षरं छापायचं. समोरच्याला ‘थांब’ आणि ‘चालू कर’ सांगायला अक्षरांना क्रमांक देणाऱ्या आस्की संकेतातले १९ आणि १७ क्रमांक वापरात आले. एस हे इंग्रजी वर्णमालेतलं १९वं अक्षर, क्यू १७वं, म्हणून या दोन कळा. आज सगळीकडे कंट्रोल-एस म्हणजे सेव्ह, आणि बोटं सवयीने तिकडेच जातात. पडद्यावर ‘थांबवलं आहे’ एवढं तरी दाखवायला काय हरकत होती?

गंमत पुढे झाली. टर्मिनल गोठलेलं असताना वैतागून टाइप केलेलं वाया जात नाही, रांगेत साठतं. इम्पोर्ट संपल्याबरोबर शेलने (हुकूम वाचून चालवणाऱ्या प्रोग्रॅमने) साठलेल्या ओळी एकेक करून चालवल्या. माझ्या आधीच्या माणसाने कधीतरी ‘एक्झिट’ टाइप केलं होतं, तेही चाललं, आणि शेवटचा अहवाल वाचायच्या आत सेशन बंद. फाइली पुसणारं ‘आरएम’ नव्हतं हे नशीब. तेव्हा टर्मिनल गप्प असेल तर कीबोर्डवर राग काढू नका.

कायमचा बंदोबस्त म्हणून बॅश या शेलच्या सेटिंगच्या बॅशआरसी फाइलमध्ये ‘एसटीटीवाय मायनस आयएक्सऑन’ टाका, म्हणजे कंट्रोल-एसने थांबणंच बंद. फक्त इंटरॅक्टिव्ह (माणूस समोर बसून टाइप करतो त्या) शेलपुरतं टाका, नाहीतर टर्मिनल नसलेल्या जागी ते कुरकुरतं. याचा फायदा असा की बॅशमध्ये कंट्रोल-आरने जुने हुकूम मागे शोधताना कंट्रोल-एसने पुढेही येता येतं. एरवी ती सोय असून नसल्यासारखी.

एंटर मारल्यावर त्याच ओळीत प्रॉम्प्टला प्रॉम्प्ट चिकटत गेला, तर दुखणं वेगळं. पासवर्ड विचारणारा प्रोग्रॅम मध्येच मेला की अक्षरं दाखवणं बंदच राहतं. तिथे आंधळेपणाने ‘रीसेट’ लिहायचं आणि एंटर. एंटर मानलं नाही तर कंट्रोल-जे.

एका टर्मिनलमध्ये अनेक विंडो चालवणारा ‘स्क्रीन’ हा प्रोग्रॅम वापरणाऱ्यांनी एक बघावं: कंट्रोल-ए नंतर मोठ्या एसने विंडो विभागते, छोट्या एसने आतला प्रोग्रॅम गोठतो. कंट्रोल-ए आणि छोटा क्यू दाबला की सुटतो. आणि एसएसएचचं कनेक्शनच तुटलेलं असेल तर यातलं काहीच चालत नाही, तिथे एंटर, टिल्ड (~), टिंब असं ओळीने दाबायचं. सुडो (अ‍ॅडमिनच्या अधिकाराने हुकूम चालवणारा प्रोग्रॅम) पासवर्ड मागताना बऱ्याच ठिकाणी साधी चांदणीही दाखवत नाही, त्यासाठी मात्र कृपा करून तिकीट काढू नका.