टाकी रिकामी झालीच नव्हती

पंपाच्या काचेच्या नळीत स्वच्छ पाणी दिसलं म्हणजे बोटीच्या संडासाची टाकी रिकामी झाली, असं डॉकवर कोणी कितीही ठासून सांगितलं तरी विश्वास ठेवू नका. आम्हाला जवळजवळ सबंध उन्हाळा हेच ऐकवलं गेलं. दर वेळी पैसे घेतले, आणि दर वेळी पुढच्या पलंगाखाली मैल्याने भरलेली टाकी तशीच घेऊन आम्ही परत आलो. आठवलं की अजून डोकं तापतं, म्हणून एकदा सगळं लिहून टाकते.

आमची शिडाची बोट तीस फुटी, जुनी. मेरीलँडमध्ये अ‍ॅनापोलिसजवळ, चेसापीक उपसागरात असते. संडास हाताने दांडा मारायचा, आणि मैला साठवायला २० गॅलनची, म्हणजे साधारण ७५ लिटरची प्लास्टिकची टाकी. अमेरिकेत किनाऱ्यापासून ३ सागरी मैलांच्या आत प्रक्रिया न केलेला मैला पाण्यात सोडायला बंदी आहे, आणि चेसापीक तर सगळाच आत. उघडा समुद्र आमच्यापासून शंभराहून जास्त सागरी मैल. म्हणजे टाकी भरली की पंप-आउट डॉकला, म्हणजे मैला उपसून घेणारा पंप असलेल्या धक्क्याला लागणं, याला दुसरा मार्ग नाही. नियम मला पटतो. त्याच पाण्यात मुलं पोहतात, त्यातलेच खेकडे आम्ही खातो.

दोन-तीन वर्षं काही तक्रार नव्हती, त्यामुळे त्याबद्दल सांगण्यासारखंही काही नाही. मग एका जूनमध्ये सासू-सासरे पुण्याहून आले आणि आम्ही त्यांना चार दिवस बोटीवर न्यायचं ठरवलं. निघताना टाकी रिकामी करून घेतली होती. दुसऱ्याच सकाळी दांडा जड लागायला लागला, आणि रात्री कोरडं ठेवलेलं भांडं आपोआप अर्धं भरलेलं दिसलं, तेही घाण पाण्याने. दुपारपासून सासूबाईंनी पाणी पिणंच बंद केलं. माझ्या लक्षात आलं तेव्हा म्हटलं, "आई, असं करू नका, या उन्हात त्रास होईल." त्या म्हणाल्या, "अगं, तुम्हाला कशाला दर वेळी ते उपसायला लावू?" पासष्टीच्या बाईने भर उन्हाळ्यात तहान मारून बसावं हे मला सहन झालं नाही. सहल तिथेच आवरती घेतली.

परत त्याच डॉकवर. उन्हाळी नोकरीवरच्या मुलाने नळी लावली. काचेतून थोडा वेळ तपकिरी, मग फेसाळ, मग स्वच्छ. "टाकी रिकामी आहे." मी म्हटलं, दांडा जड आहे, भांडं उलटं भरतंय, टाकी रिकामी कशी असेल? तो म्हणाला, संडासाचा पंप बिघडला असेल. मागे बोटी थांबल्या होत्या. नवऱ्याने पाच डॉलर दिले, आम्ही निघालो. घरी येऊन मी संडासाचा पंप पूर्ण उघडला. जोकर व्हॉल्व्ह, म्हणजे बाहेर गेलेलं परत येऊ नये म्हणून असलेली रबराची चोच, नवी घातली. पिस्टनची रिंग बदलली. तरी दांडा तसाच जड.

पुढच्या शनिवार-रविवारी पुन्हा तेच. मग मॅनेजरला गाठलं. त्याचं म्हणणं, आमचा पंप दिवसभर इतक्या बोटी उपसतो, तुमच्याच टाकीत काहीतरी आहे, आणि रांग असताना इथे बांधून दुरुस्ती करू देणार नाही. एका बोटीला दहा मिनिटं. मला राग आला तो यासाठी की हे पंप सरकारी मदतीने बसतात. १९९२ च्या क्लीन व्हेसल कायद्याखाली अशा सोयींच्या खर्चाचा ७५ टक्क्यांपर्यंतचा भाग केंद्राकडून मिळू शकतो, आणि तो पैसा बोटवाल्यांच्याच इंधनावरच्या आणि मासेमारीच्या सामानावरच्या करातून येतो. आणि तिथला माणूस टाकीकडे बघायलाही तयार नाही.

तेव्हा ठरवलं की टाकी रिकामी होते की नाही हे आपल्या डोळ्यांनी बघायचं. आमची टाकी पांढरट प्लास्टिकची आहे. मागच्या बाजूला टॉर्च धरला की आतली पातळी सावलीच्या रेघेसारखी दिसते. पुढच्या वेळी पलंगाची गादी आणि फळ्या काढल्या, पातळीवर मार्करने खूण केली, सगळी हॅचं, म्हणजे छतातली झाकणं, उघडी ठेवली आणि मी आतच आडवी पडून राहिले. वर नवरा आणि तो मुलगा. पंप चालू झाला. रेघ सरसर खाली यायला लागली, साधारण चार बोटं. मग थांबली. आणि माझ्या डोळ्यांसमोर टाकीची बाजू आत ओढली जायला लागली. सपाट भिंतीला खळगा पडला, प्लास्टिक कुरकुरलं. वरून आवाज आला, "स्वच्छ आलं, रिकामी आहे." मी ओरडून नळी काढायला सांगितली. नळी निघताच खळगा धप्पकन बाहेर आला. टाकी पाऊण भरलेली होती. हे सगळं फोनवर टिपलं होतं.

टाकीत हवा जात नव्हती. एकीकडून ओढायचं आणि दुसरीकडून हवा मिळायची नाही, मग किती ओढलं जाणार? टाकीला हवा देणारी एक बारीक नळी असते, तिचं तोंड बोटीच्या कुशीला बाहेर निघतं, अंगठ्याएवढं. पंप करताना तिथून हवा आत यायला हवी, संडास वापरताना तिथूनच बाहेर जायला हवी. ती बंद असली की टाकीत दाब साठतो, दांडा जड होतो, आणि तो दाब रात्रभरात जोकर व्हॉल्व्हमधून घाण पाणी भांड्यात ढकलतो. आमची सगळी लक्षणं एका नळीची होती.

बाहेरच्या तोंडात काडी घातली तर वाळलेली माती निघाली. कुंभारीण माशीने घर केलं होतं. इकडे ही माशी बोटीवरचं कुठलंही बारीक भोक सोडत नाही. पण माती काढूनही हवा जाईना, कारण दुसरा बोळा टाकीच्या टोकाला होता. टाकी भरलेली असताना बोट कलली की मैला या नळीत चढतो आणि कोपऱ्यावर वाळून बसतो. शिवाय मधे वासासाठी बसवलेला कोळशाचा फिल्टर भिजून दगड झाला होता. हातमोजे घालून, खाली बादली ठेवून नळी टाकीपासून सोडवली, कोपरा खरवडला, फिल्टर फेकून दिला, बाहेरून बागेतल्या पाइपचं पाणी मारून नळी धुतली आणि पायपंपाने हवा फुंकली. हाताला हवेचा झोत लागला तेव्हा मला जो आनंद झाला तो बोट विकत घेतली त्या दिवशीही झाला नव्हता.

खरी चीड पुढे आहे. नळी मोकळी केल्यावर त्याच डॉकवर गेलो, आणि तरी पंप नीट ओढेना. या वेळी मी वर उभी होते. डेकवरच्या तोंडात बसणारा नळीचा रबरी शंकू एका बाजूने फाटला होता आणि तिथून हवा शिटी वाजवत आत जात होती. पंप टाकीतला मैला न ओढता बाहेरची हवा ओढत होता. फोनवर टिपून मुलाला दाखवलं. त्याने शंकू हाताने दाबून धरला आणि टाकी खळखळून उपसली गेली. मॅनेजरला दोन्ही व्हिडिओ दाखवले. शंकू बदलला, पैसे परत दिले नाहीत. तुमच्याकडे असं झालं तर पंपाजवळची पाटी वाचा. मेरीलँडमध्ये हा कार्यक्रम राज्याचा नैसर्गिक संसाधन विभाग चालवतो, पंप बिघडला असेल तर त्यांना कळवता येतं. मी कळवलं.

तेव्हा डॉकवर गेलात की आधी पंपाच्या नळीचा रबरी शंकू बघा. मग डेकवरचं झाकण उघडताना कान द्या: फुस्स झालं तर हवेची नळी बंद आहे, पंप चालूच करू नका, टाकी चिरू शकते. झाकणाची रबरी रिंगही फाटली नाही ना बघा. रिकामी झाली म्हणाले की टाकीत पाणी भरून पुन्हा ओढायला लावा. तळाचा गाळ दुसऱ्या वेळीच येतो.

वासाचंही याच्याशीच नातं आहे. टाकीत हवा खेळती नसली की हवेविना जगणारे जंतू वाढतात आणि सडक्या अंड्याचा वास येतो. हा वायू बंद केबिनमध्ये घातक असतो, म्हणून काम करताना हॅचं उघडी ठेवाच. मात्र फक्त पहिल्या दांड्याला तसा वास आला तर दोष टाकीचा नाही, आत येणाऱ्या नळीत अडकून राहिलेल्या खाऱ्या पाण्याचा आहे. आणि पाइपच जुना होऊन वास सोडतो का हे बघायचं असेल तर गरम पाण्यात पिळलेलं फडकं पाइपवर घासा आणि बोटीबाहेर नेऊन हुंगा.

दांडा किती वेळा मारायचा, हे मला सगळे विचारतात. दीड इंची पाइपच्या एका मीटरमध्ये साधारण १.१ लिटर मावतं. पाइपची लांबी मोजा आणि तेवढं पाणी पुढे जाईपर्यंत मारा, नाहीतर मैला पाइपमध्येच बसून राहतो. लघवी आणि खाऱ्या पाण्याने पाइपच्या आत पांढरा दगडी थर धरतो. त्याला आठवड्यातून एकदा साधं व्हिनेगर घालून रात्रभर ठेवा. ब्लीच किंवा तुंबलेली मोरी साफ करायची द्रव्यं अजिबात नको, रबर खलास होतं. कागद बरणीत पाणी घालून हलवून बघा, लगेच विरघळून तुकडे झाले तरच तो बोटीवर न्या. पाहुण्यांना एवढंच सांगते की खाल्लेलं नसेल ते आत टाकायचं नाही.

संडास वापरून झाला की आत येणाऱ्या पाण्याची खिट्टी कोरड्याकडे, म्हणजे पाणी बंद, आणि बोट सोडून जाताना खालचा सीकॉक, म्हणजे बोटीच्या तळातली तोटी, बंद. भांडं पाण्याच्या पातळीखाली असेल आणि आत येणाऱ्या नळीच्या चढत्या वळणावरची हवेची झडप अडकली असेल, तर पाणी आपोआप आत येत राहतं आणि बोट बुडू शकते. मैला थेट पाण्यात सोडणारी झडप असेल तर ती बंद करून तिला एकदा आवळली की कापूनच निघते अशी पट्टी लावा. तटरक्षक दल तपासायला आलं की तेच बघतं.

आणि इकडे थंडी पडते, तर नोव्हेंबरच्या आत टाकी उपसून संडासातून गुलाबी अँटिफ्रीझ खेचून घ्या. प्रोपिलीन ग्लायकॉलचंच, गाडीतलं नव्हे, ते विषारी असतं. माशीने पुन्हा घर करू नये म्हणून मी हवेच्या नळीच्या तोंडाला बारीक स्टीलची जाळी लावली. दर पंधरा दिवसांनी जाळी ब्रशने घासते आणि पायपंप लावून हवा जाते ना हे बघते.