कास्ट आयर्न बुलेटचा थंडीतला आवाज: साताऱ्याच्या हिवाळ्यातील नोंदी

मागील नोंदीत इंजिनाच्या दुरुस्तीचे काम हेड (सिलिंडरवरचे झाकण) बसवून टॅपेट लावण्यापर्यंत, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या यंत्रणेतील फट जुळवण्यापर्यंत, आले होते. त्यानंतर साताऱ्यात थंडी पडली आणि माझ्या ३५० सीसीच्या जुन्या कास्ट आयर्न, म्हणजे बिडाच्या सिलिंडरच्या, बुलेटमधून सकाळच्या पहिल्या किकनंतर एक पोकळ, दबका खटखट आवाज येऊ लागला. दुपारी गाडी सुरू केली तर तो जेमतेम ऐकू येतो. पोवई नाक्याजवळच्या ज्या मेस्त्रीकाकांचा मी नेहमी सल्ला घेतो, त्यांनी "अहो, थंड इंजिन आहे, तापलं की गप बसेल," असे सांगून विषय संपवला. त्यांचे म्हणणे खरेच आहे. मात्र नेमके काय तापल्यावर आवाज थांबतो हे समजल्याशिवाय बॅरल (ज्यात पिस्टन वरखाली होतो ते सिलिंडर) उतरवायचे की नाही हे ठरवता येत नव्हते.

अशा वेळी पहिला संशय तेलावर जातो. या इंजिनात २०डब्ल्यू-५० तेल (पहिला आकडा थंडीतल्या वागण्याची श्रेणी, दुसरा तापल्यावरच्या दाटपणाची) वापरतात, थंडीत ते काकवीसारखे घट्ट होते, तेव्हा हिवाळ्यापुरते १०डब्ल्यू-३० घालावे, असा सल्ला आपल्या बुलेटवाल्या मंडळींत दरवर्षी दिला जातो. मला तो पटत नाही. २०डब्ल्यू तेलाची क्रँक फिरवण्याची चाचणी उणे १५ अंश सेल्सिअसला आणि पंपाने ओढले जाण्याची चाचणी उणे २० अंशांना घेतली जाते. महाबळेश्वरात वेण्णा तलावाकाठी दव गोठते, त्या पहाटेही आपण या मर्यादेच्या पुष्कळ वर असतो. साताऱ्यात तर पारा १० ते १४ अंशांवर आला की लोक शेकोटी पेटवतात. उलट १०० अंशांना ५० श्रेणीच्या तेलाचा दाटपणा १६.३ ते २१.९ सेंटिस्टोक (दाटपणाचे एकक) असतो आणि ३० श्रेणीच्या तेलाचा ९.३ ते १२.५. हवेवर थंड होणाऱ्या, फ्लोटिंग बुशचा बिग एंड (कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाचे, तेलाच्या थरावर फिरणाऱ्या सुट्या कडीचे बेअरिंग) असलेल्या इंजिनाने वाईहून पसरणी घाट चढायचा असेल, तर सकाळच्या थोड्या शांततेसाठी हा दाटपणा गमावणे मला महागाचे वाटते. तरीही खात्री करण्यासाठी वर हेडमधील रॉकरकडे (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या दांड्याकडे) जाणाऱ्या तेलनळीचा बोल्ट किंचित सैल करून थंड इंजिन सुरू केले. तेल काही क्षणांतच वर आले, खटखट मात्र त्यानंतरही चालूच राहिली. तेल पोहोचल्यावरही जो आवाज टिकतो, त्याचे कारण तेल पोहोचण्यातील उशीर असू शकत नाही.

टॅपेटचा प्रश्न त्याहून लवकर निकालात निघाला. या इंजिनात टॅपेट थंड असतानाच, पुश रॉड (खालून रॉकरला ढकलणारी काठी) बोटांनी सहज फिरेल पण वरखाली हलणार नाही, असे लावतात. कारण तापल्यावर बॅरल आणि हेड वाढतात आणि फट रुंदावते. त्यामुळे टॅपेटची टिकटिक असेल तर ती इंजिन तापत जाईल तशी वाढायला हवी. माझ्या गाडीत नेमके उलटे घडते. गजन पिनचा (पिस्टन कनेक्टिंग रॉडला जोडणाऱ्या खिळीचा) आवाज जोडीने, लागोपाठ दोन ठोक्यांचा येतो, तसाही हा नाही.

राहिला पिस्टन. लांब स्क्रू-ड्रायव्हरची मूठ कानाला आणि टोक बॅरलच्या पंखांना लावून चारही बाजूंनी ऐकले, तेव्हा आवाज मागे, कार्ब्युरेटरच्या बाजूला, सर्वांत स्पष्ट होता. हे इंजिन चाकांच्याच दिशेने फिरत असल्यामुळे स्फोटाच्या वेळी कनेक्टिंग रॉड पुढे झुकलेला असतो आणि पिस्टन मागच्या भिंतीवर रेटला जातो, म्हणून पिस्टन आपटत असेल तर तो तिथेच आपटायला हवा. दुसऱ्या दिवशी प्लग काढून त्या भोकातून चमचाभर इंजिन तेल आत सोडले, इंजिन किकने हलकेच फिरवून घेतले आणि मग सुरू केले. निळा धूर भरपूर निघाला, पण खटखट नव्हती. तेल जळून गेल्यावर ती परतली. ही चाचणी जुनी आहे आणि माझ्या मते आजही सर्वांत विश्वासार्ह आहे.

यापुढचा भाग मला स्वतःला अधिक रंजक वाटला. तापमान एका अंशाने वाढले की पिस्टनचे अ‍ॅल्युमिनियम स्वतःच्या लांबीच्या दहा लाखांत सुमारे २३ भाग वाढते, बॅरलचे बीड सुमारे ११. आपला बोअर, म्हणजे बॅरलचा आतला व्यास, ७० मिलिमीटरचा आहे. दुपारच्या ३० अंशांऐवजी पहाटे १० अंशांना इंजिन सुरू केले, तर पिस्टन आणि बॅरल यांमधील फट या हिशेबाने सुमारे ०.०१७ मिलिमीटरने वाढते. एवढ्याशा फरकाने शांत इंजिन खटखटू लागत नाही. याचा अर्थ फट मुळातच जास्त आहे आणि थंडी आवाज निर्माण करत नसून तो लांबवते आहे. बिडाचे जड बॅरल सावकाश तापते, त्यात चोक ओढलेला असताना न जळलेले पेट्रोल भिंतीवरील तेलाचा थर धुऊन काढते. शिवाय पहाटे गल्ली शांत असते, त्यामुळे दुपारी रहदारीत हरवणारा आवाज तेव्हा कानावर येतो, हेही हिशेबात धरले पाहिजे.

फट जास्त का, याचे उत्तर आधीच्या मालकाच्या काळातील बोअरिंगमध्ये (बॅरल आतून कोरून मोठे करण्यात) असावे. घाटात चालणाऱ्या गाड्यांचा बोअर थोडा सैल ठेवण्याची पद्धत आहे आणि तिच्यामागे कारण आहे. बॅरल थंड असताना जोराचा चढ घेतला, तर पिस्टन आधी तापून फुगतो आणि घट्ट बोअरमध्ये सीझ होतो, म्हणजे अडकून बसतो. सैल बोअर आवाज करतो, पण वाटेत अडकवत नाही. म्हणून मी या आवाजाला दोष म्हणायला कचरतो.

तूर्त सुरू करण्याची पद्धत तेवढी बदलली आहे. इग्निशन बंद ठेवून, डिकॉम्प्रेशन लिव्हर (सिलिंडरमधील दाब सोडणारा) दाबून आधी काही किक रिकाम्या मारतो, म्हणजे तेल थोडे फिरते. इंजिन धरू लागताच चोक निम्म्यावर आणतो आणि स्लोवर उभे न ठेवता लवकरच सपाट रस्त्यावर हलक्या हाताने निघतो; यवतेश्वरचा चढ मात्र बॅरल तापल्याशिवाय घेत नाही. महाबळेश्वरच्या मुक्कामासाठी कार्ब्युरेटरमधील जेट (पेट्रोल मोजून सोडणारी बारीक तोटी) बदलावा का, असे काहींनी विचारले होते. साताऱ्याच्या दुपारच्या तुलनेत तिथली हवा उंचीमुळे जितकी विरळ होते, जवळपास तितकीच पहाटेच्या गारव्याने दाट होते, त्यामुळे जेटला हात लावण्याची गरज नाही. चोक लागतो तो पेट्रोलची वाफ नीट होत नाही म्हणून.

बॅरल उन्हाळ्यात उतरवणार आहे. बोअर वर, मध्ये आणि खाली, प्रत्येक ठिकाणी पुढून मागे व डावीकडून उजवीकडे मोजायचा आहे. पिस्टन मुद्दाम लंबगोल घडवलेला असल्यामुळे त्याचे माप गजन पिनला काटकोनात, स्कर्टच्या (पिस्टनच्या रिंगांखालील भिंतीच्या) खालच्या भागात घेईन. बोअर सर्वत्र सारखा निघाला आणि स्कर्टच झिजलेला असेल तर त्याच मापाचा नवा पिस्टन टाकेन. बोअर मागच्या बाजूला खाल्ला गेला असेल, तरच पुढच्या मोठ्या मापाचा (ओव्हरसाइज) पिस्टन आणि नवे बोअरिंग.