५२ तासांच्या गाडीत बसण्याआधी

गेल्या उन्हाळ्यात आई-बाबा आमच्याकडे शिकागोला आले. येण्याआधीच बाबांनी फोनवर सांगून ठेवलं होतं, "बाकी काही दाखवू नकोस, पण एकदा आगगाडीने पार पलीकडच्या किनाऱ्यापर्यंत ने." म्हणून कॅलिफोर्निया झेफिरची तिकिटं काढली. ही गाडी शिकागोहून दुपारी निघते आणि आयोवा, नेब्रास्का, कोलोरॅडो, युटा, नेवाडा ओलांडून सॅन फ्रान्सिस्को खाडीच्या काठावर एमरीव्हिलला पोहोचते. जवळपास ३,९०० किलोमीटर, ५२ तास, दोन रात्री.

परत आल्यापासून ओळखीतल्या तीन-चार घरांतून फोन आले. कुणाचे आई-वडील येणार आहेत, कुणाचे सासू-सासरे. सगळ्यांना तेच तेच सांगताना एक गोष्ट लक्षात आली. आपण इथल्या लांबच्या गाडीचा बेत विमानासारखा आखतो: वेळेवर सुटणार, वेळेवर पोहोचणार, शहराच्या नावावर उतरायचं, सामान दिलं की हात मोकळे. चुका होतात त्या इथेच. तुमची मुलं इथे असतील आणि तुम्ही येणार असाल, तर तिकीट काढायच्या आधीच हे वाचा.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे पोहोचण्याच्या दिवशीच पुढचं विमान धरणं. मीही तेच करायला निघाले होते. गाडी संध्याकाळच्या आत पोहोचते, मग रात्री साडेनऊचं परतीचं विमान आरामात मिळेल, असा माझा हिशोब. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने, जो या गाडीने अनेकदा गेलाय, तो ऐकून मला थांबवलं आणि कारण समजावून सांगितलं. ॲमट्रॅकने, म्हणजे इथल्या सरकारी प्रवासी रेल्वे कंपनीने, १९७१ साली प्रवासी गाड्या चालवायला घेतल्या, पण वॉशिंग्टन-न्यूयॉर्क-बोस्टनचा पट्टा सोडला तर बहुतेक रूळ तिचे नाहीत. ते युनियन पॅसिफिक, बीएनएसएफ अशा मालवाहतूक करणाऱ्या कंपन्यांचे आहेत. कायद्याप्रमाणे आधी वाट प्रवासी गाडीला मिळायला हवी. पण पश्चिमेकडे कित्येक ठिकाणी एकेरी मार्ग आहे, आणि आजकालच्या काही मालगाड्या इतक्या लांब असतात की त्या बाजूच्या सायडिंगमध्ये, म्हणजे दुसरी गाडी पुढे जाऊ देण्यासाठीच्या रुळावर, मावतच नाहीत. मग सायडिंगला जाऊन थांबायची पाळी प्रवासी गाडीवर येते. एकदा गाडी आपल्या वेळेतून निसटली की पुढे क्रॉसिंगवर क्रॉसिंग लागत जातं आणि उशीर वाढतो. मी विमान दुसऱ्या दिवशी दुपारचं घेतलं आणि रात्रीपुरती हॉटेलची खोली. त्या एका खोलीच्या खर्चाने सबंध प्रवासभर कुणी घड्याळाकडे बघितलं नाही. वयस्कर माणसं बरोबर असतील तर हा खर्च तिकिटाचाच भाग धरा.

पुढेही गाडीनेच जायचं असेल तर दोन्ही तिकिटं एकाच आरक्षणात काढा. पहिली गाडी उशिरा पोहोचली आणि दुसरी चुकली, तर एकाच आरक्षणात तुमची पुढची सोय लावून दिली जाते. तिकिटं वेगवेगळी काढली असतील तर तुमचं तुम्ही बघायचं.

घड्याळाचा आणखी एक घोळ. वेळापत्रकात प्रत्येक स्टेशनची वेळ तिथली स्थानिक असते. झेफिर वाटेत दोनदा टाइम झोन बदलते, त्यामुळे पश्चिमेकडे जाताना कागदावर वजाबाकी केली की प्रवास दोन तासांनी लहान दिसतो. फोन आपोआप वेळ बदलतो खरा, पण डोंगरात रेंज नसली की तो जुनीच वेळ दाखवत राहतो. बाबांच्या मनगटी घड्याळात पहिल्या रात्रीनंतर आम्ही हाताने एक तास मागे केला, नेवाडाच्या हद्दीवर आणखी एक.

आता नावांबद्दल. सॅन फ्रान्सिस्को शहरात ही गाडी जातच नाही. एमरीव्हिलला उतरून ॲमट्रॅकच्याच बसने खाडीवरच्या पुलावरून पलीकडे जायचं असतं, आणि ती बस त्याच तिकिटात जोडून घेता येते. त्याहून धोक्याचं नाव म्हणजे लास वेगस. शिकागो ते लॉस एंजेलिस जाणारी साउथवेस्ट चीफ लास वेगसला थांबते, पण ते न्यू मेक्सिको राज्यातलं लहानसं गाव. नेवाडातल्या झगमगाटाच्या लास वेगसला १९९७ पासून ॲमट्रॅकची गाडीच नाही. पोर्टलँडही दोन आहेत, एक ओरेगनमध्ये, एक मेनमध्ये, आणि दोन्हीकडे गाड्या जातात. तिकीट काढताना राज्याचं नाव बघितल्याशिवाय पैसे भरू नका.

शिकागोहून निघणाऱ्या एम्पायर बिल्डरचं प्रकरण तर आणखी वेगळं. मध्यरात्री स्पोकेनला या गाडीचे दोन भाग होतात. एक सिॲटलला जातो, दुसरा पोर्टलँडला. आपली जागा सोडून भलत्याच डब्यात झोप लागली, तर सकाळी जाग भलत्याच मार्गावर येईल. चढतानाच अटेंडंटला विचारून आपला डबा कुठल्या भागातला, हे पक्कं करून घ्यायचं आणि रात्री तिथेच असायचं.

सामानाची चूक मी स्वतः केली. शिकागोच्या युनियन स्टेशनवर दोन मोठ्या बॅगा चेक-इनला दिल्या. माणशी दोन बॅगा, प्रत्येकी ५० पाउंडांपर्यंत, फुकट जातात, फक्त गाडीच्या किमान पाऊण तास आधी द्याव्या लागतात. बॅगा पट्ट्यावरून आत गेल्या आणि आईने विचारलं, "माझी गोळ्यांची पिशवी कुठेय?" माझ्या पोटात खड्डाच पडला. रक्तदाबाच्या गोळ्या, बाबांचं इन्सुलिनचं पेन, दोघांचे चष्म्याचे डबे, सगळं निळ्या बॅगेच्या वरच्या कप्प्यात. चेक-इन केलेली बॅग सामानाच्या वेगळ्या डब्यात जाते आणि वाटेत हाती लागत नाही. काउंटरवरच्या बाईंनी माझा चेहरा बघितला, एक शब्द न बोलता मागच्या दारातून आत गेल्या आणि बॅग परत घेऊन आल्या. गाडीत बसल्यावर हे आठवलं असतं तर? औषधं, एक जाड स्वेटर किंवा शाल, एक जोडी कपडे, चार्जर आणि कागदपत्रं ही एका लहान पिशवीत, आणि ती पिशवी खांद्यावर. आणखी एक: लहान स्टेशनांवर सामान घ्यायला माणूसच नसतो. तिथे उतरणार असाल तर बॅगा तुम्हालाच उचलाव्या लागतील, तेवढ्याच न्या.

कागदपत्रांबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण हा विषय आपल्या माणसांसाठी गंभीर आहे. देशातल्या देशात फिरतोय म्हणून पासपोर्ट घरी कपाटात ठेवून निघणारे खूप आहेत. इथल्या कायद्याप्रमाणे १८ वर्षं पूर्ण झालेल्या परदेशी नागरिकाने आपल्या नोंदणीचा पुरावा कायम जवळ बाळगायचा असतो. व्हिसावर आलेल्यांसाठी म्हणजे पासपोर्ट आणि आय-९४ ची, म्हणजे देशात आल्याच्या सरकारी नोंदीची, छापील प्रत. मोन्टाना, नॉर्थ डकोटातून जाणारी एम्पायर बिल्डर कॅनडाच्या सीमेजवळून धावते, न्यूयॉर्क राज्यातून जाणारी लेक शोअर लिमिटेडही. अशा पट्ट्यात सीमा गस्तीचे अधिकारी डब्यात चढून चौकशी करू शकतात. आई-वडील वेगळ्या डब्यात असतील तर त्यांचे कागद त्यांच्यापाशीच हवेत, तुमच्या पर्समध्ये नकोत.

आम्ही तेच केलं होतं, वेगळे डबे. आई-बाबांसाठी रूमेट (roomette) घेतलं, मी कोचमध्ये, म्हणजे बसायच्या खुर्च्यांच्या साध्या डब्यात. रूमेट म्हणजे समोरासमोर दोन खुर्च्यांची छोटीशी खोली. रात्री खुर्च्या जोडून खालचा पलंग होतो आणि वरून एक बर्थ खाली येतो. फोटोत छान दिसतं. पण वर चढायला कडेला अरुंद पायऱ्या, बर्थ आणि छत यांच्यात नीट बसताही येत नाही, आणि या दुमजली गाड्यांत रूमेटच्या आत संडास नसतो. बाबांना रात्री दोनदा उठावं लागतं. अंधारात ते वरून पाय चाचपत खाली उतरत होते आणि आई खालून त्यांचा पाय धरून पायरीवर ठेवत होती, हे मला सकाळी कळलं. मला फार वाईट वाटलं. हा विचार मी तिकीट काढताना करायला हवा होता. अशा डब्यात खालच्या मजल्यावरही चार रूमेट असतात, बहुतेक संडास आणि शॉवर तिथेच शेजारी असतात, येणं-जाणंही कमी. एका डब्यातून दुसऱ्यात जाण्याची वाट मात्र वरच्या मजल्यावरूनच आहे, म्हणून जेवायला जिना चढावा लागतो. तेही जमत नसेल तर अटेंडंट जेवण खोलीत आणून देतात. आरक्षण करतानाच खालचा मजला मागून घ्या, आणि लवकर घ्या, कारण त्या चारच खोल्या असतात. रात्री उठून बाहेर जाणंच नको असेल तर महाग पडली तरी बेडरूम बघा, तिच्यात संडास-शॉवर आत असतो. पण ती वरच्या मजल्यावर असते, आणि तिच्यातही एक पलंग खाली, एक बर्थ वर असाच.

कोचच्या तिकिटावर शयनयानाच्या डब्यात जाता येत नाही, हेही मला आधी माहीत नव्हतं. त्यामुळे आम्ही तिघं दिवसभर भेटायचो ते मोठाल्या काचांच्या लाउंजच्या डब्यात. तिथे कुणाची राखीव जागा नसते. पिशव्या ठेवून खुर्च्या अडवून बसणारे असतात, तसं करू नये. तास-दीड तास बघावं आणि दुसऱ्याला जागा द्यावी.

कोचमध्ये पांघरूण-उशी मिळत नाही, आणि रात्री एसी अंगावर काटा येईल इतका थंड असतो. पण कोचमधली खरी जपायची गोष्ट म्हणजे डोक्यावरच्या पट्टीत खोचलेली चिठ्ठी. तिकीट तपासल्यावर कंडक्टर त्या कागदाच्या तुकड्यावर तुमच्या उतरण्याच्या स्टेशनची अक्षरं लिहून तुमच्या सीटच्या वर लावतो. रात्री दहा ते सकाळी सात गाडीत घोषणा होत नाहीत. तेव्हा अटेंडंट येतो, चिठ्ठी वाचतो आणि उतरणाऱ्याला हलवून उठवतो.

माझ्या शेजारी एक कॉलेजातला मुलगा होता, नेब्रास्कातल्या मॅकुकला उतरणारा. मध्यरात्रीनंतर मागे दोन सीट रिकाम्या दिसल्या तसा तो पाय पसरायला तिकडे गेला. चिठ्ठी राहिली इथेच. पहाटे टॉर्चचा बारीक उजेड माझ्या बाजूच्या सीटवर पडला. अटेंडंटने वर बघितलं, खाली बघितलं, सीट मोकळी. मला झोप लागलेली नव्हती म्हणून बरं, मी बोटाने मागे दाखवलं. मुलगा जॅकेट डोक्यावर घेऊन गाढ झोपला होता. तो हातात बूट घेऊनच धावला. डेन्व्हर यायला तिथून पुढे चार-साडेचार तास होते. जागा बदलायची तर आधी विचारा, आणि चिठ्ठी बरोबर घेऊन जा. आणि आपल्या फोनवर गजर लावाच.

खाण्याचं थोडक्यात सांगते. शयनयानाच्या तिकिटात जेवण धरलेलं असतं. कोचवाल्यांना कॅफेच्या डब्याचा आधार. घरून नेलेलं आपल्या जागेवर खाता येतं, पण कुणी गरम करून देत नाही आणि फ्रिजही नाही, म्हणून दोन दिवस टिकेल असं कोरडंच न्या. डायनिंगच्या डब्यात चौघांच्या टेबलावर अनोळखी माणसांबरोबर बसवतात. आई आधी बिचकली होती. पण समोरचं जोडपं आयोवात मक्याची शेती करणारं निघालं, आणि बाबांनी त्यांना पहिला प्रश्न विचारला तो पावसाचा. पुढचा तासभर यंदाचा पाऊस, गेल्या वर्षीचा पाऊस आणि बियाण्याचे भाव.

मोठ्या थांब्यांवर, जसं डेन्व्हरला, पाय मोकळे करायला खाली उतरू देतात. ते कंडक्टर सांगेल तेव्हाच, आणि डब्याचं दार दिसेल इतक्याच अंतरावर. स्टेशनबाहेर कॉफी आणायला जाऊ नका. गाडी उशिरा धावत असेल तर थांबा कमीही करतात.

आणि दिवस कुठला, उजेड कुठे, हे बघून गाडी निवडा. आमच्याकडून ही एक गोष्ट नीट झाली. पश्चिमेकडे जाणारी झेफिर सकाळी डेन्व्हर सोडते, १९२८ मध्ये खुल्या झालेल्या १० किलोमीटरच्या मोफॅट बोगद्यातून बाहेर पडते आणि मग तासन्‌तास कोलोरॅडो नदीच्या काठाने जाते. सगळं लख्ख उन्हात. याउलट पश्चिमेकडची एम्पायर बिल्डर ग्लेशियर नॅशनल पार्कपाशी संध्याकाळी पोहोचते. उन्हाळ्यात ठीक, पण डिसेंबरमध्ये काचेत फक्त आपलाच चेहरा दिसेल. हिवाळ्यातच जायचं असेल तर उलट दिशेने, सिॲटलहून या.

वायफायच्या भरवशावर ऑफिसचं काम ठेवू नका. नदीच्या घळीत, नेवाडाच्या वाळवंटात फोनही चालत नाही.

बाबांना आता एम्पायर बिल्डरचे वेध लागलेत. पुढच्या जूनची तिकिटं परवाच काढली, फोन करून, माणसाशी बोलून. सिॲटलच्या भागातला डबा, खालच्या मजल्यावरचं रूमेट. बाबांना कळवलं तर ते म्हणाले, "बरं झालं, पण आता खिडकीतून दिसेल ना सगळं?" वरून जास्त दिसतं, हे खरं आहे. दिवसभर लाउंजमध्ये बसू, असं मी त्यांना सांगितलंय.