ढिवराच्या लेकीने धरलेले चौदा खेकडे

मोबाईलवरचा व्हिडिओ बाबांनी दोनदा पाहिला आणि म्हणाले, “उलटं बसून डोंगा चालवते का कोणी, बाई? पुढचं दिसन कसं?”

व्हिडिओत मी होते. वय ४६, नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळेत, अंगात फुगलेलं नारिंगी जॅकेट. वल्हं पाण्यात अडकलेलं असताना चेहरा कसा झाला होता, ते इथे लिहीत नाही.

आम्ही ढिवर, म्हणजे मासेमारी करणारे. घर गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या एका मामा तलावाच्या (माजी मालगुजारी, म्हणजे जुन्या मालगुजारांच्या काळातल्या तलावाच्या) पाळीखाली. बाबांच्या डोंग्यात बसून शिंगाडे तोडण्यात लहानपण गेलं. पोहायला कोणी शिकवल्याचं आठवत नाही, चालायला कोणी शिकवलं ते तरी कुठे आठवतं. त्यामुळे गेल्या मे महिन्यात तेरा वर्षांच्या भाचीला घेऊन पुण्याला रोइंगच्या, म्हणजे उलटं बसून नाव वल्हवण्याच्या खेळाच्या, दहा दिवसांच्या शिबिराला निघाले, तेव्हा मनात तोरा होता. पाण्याचं आम्हाला कोण काय शिकवणार?

गोंदियाहून महाराष्ट्र एक्सप्रेस, मुक्काम खडकीला धाकट्या बहिणीकडे. भाचीची बॅच सकाळी सहाची, वारा सुटायच्या आत. दोन दिवस मी काठावर बसून डास मारले. तिसऱ्या दिवशी कोच म्हणाले, “मॅडम, मोठ्यांची पण बॅच आहे. बसता का?”

आधी पोहण्याची परीक्षा. कपड्यांसकट पन्नास मीटर. पूर्ण शिबिरात पहिल्या झटक्यात पास झाले ती हीच. नंतर वाटलं, आता नाव मिळेल. मिळालं मशीन. एर्गोमीटर म्हणतात त्याला: सरकती बैठक, पाय पट्ट्यांनी बांधलेले, समोर साखळीला लावलेला दांडा आणि वेळ दाखवणारी खिडकी. लहान पोरांना कोच दुसऱ्याच दिवशी रुंद, सहसा न उलटणाऱ्या नावेत बसवत होते. आम्हाला मात्र तीन दिवस मशीन, कारण मोठ्यांचं अंग ऐकत नाही. माझं तर मुळीच ऐकलं नाही. डोंगा रेटायचा म्हणजे खांदे आणि दंड, हे अंगात चाळीस वर्षं मुरलेलं. इथे बैठक सरकते, म्हणून खरा जोर पायांचा. आधी पाय, मग कंबर, शेवटी हात. परत येताना हात, कंबर, पाय. मी हातांनी ओढत होते आणि खिडकीत ५०० मीटरला ३ मिनिटं ४ सेकंद. पाय लावायला शिकले तेव्हा २ मिनिटं ४१. दम तेवढाच लागला, थोडा कमीच.

दुसरी गोष्ट मला अजून पूर्ण पटलेली नाही, पण खरी आहे. ओढायला एक वेळ लागला, तर परत सरकायला दोन वेळ घ्यायचे. आणि नाव सगळ्यात जोरात धावते ती ओढताना नाही, वल्ही हवेत असताना. कारण आपण बैठकीवरून नावेच्या शेपटीकडे सरकतो आणि तेवढाच रेटा नावेला पुढे बसतो. घाईने सरकलं की लय मोडते आणि नाव अडखळते. कोच ओरडायचे, “हळू या मॅडम, नावेला पळू द्या!”

एकट्याची शर्यतीची नाव आठेक मीटर लांब असते आणि नियमाने कमीत कमी १४ किलो. आमच्या घरातला तांदळाचा २५ किलोचा कट्टा तिच्याहून जड. रुंदी आपल्या बुडाएवढी. त्यात मला शेवटच्या दोन दिवशी बसवलं. वल्ह्याचं पातं तिरकं पडलं की पाणी ते गच्च धरतं आणि दांडा उलटा येऊन पोटात बसतो. याला तिथे खेकडा पकडणं म्हणतात. ढिवराच्या लेकीने चौदा खेकडे धरले, कालवणाला एकही नाही.

मोठ्यांच्या बॅचमध्ये बँकेतून निवृत्त झालेले एक काका होते, गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या एक बाई होत्या. स्पर्धेच्या जागतिक नियमात २७ वय झालं की ‘मास्टर्स’ गट लागतो. म्हणजे मी १९ वर्षांपूर्वीच मास्टर झाले होते, कोणी कळवलं नाही. पंधरा-सोळाच्या पोरांचं वेगळंच. त्यांना चौघांच्या नावेत बसवलेलं आणि निम्मा वेळ तू उशिरा आलास, तू लवकर आलास, याच भांडणात. भाचीच्या वयाच्या मुलांना दोन हातांत दोन वल्हीच दिली होती. वाढत्या वयात एकाच बाजूने ओढून पाठ वाकडी पडायला नको, असं कोच म्हणाले.

एका संध्याकाळी त्यांनी मुलांना दत्तू भोकनळची गोष्ट सांगितली. चांदवड तालुक्यातलं तळेगाव रोही, दुष्काळी गाव. वडिलांसोबत विहिरी खोदायचा. २०१२ ला फौजेत गेला आणि तिथे वल्हं हातात आलं. २०१६ ला रिओ ऑलिंपिकमध्ये सिंगल स्कल्समध्ये, म्हणजे एकट्याच्या नावेत, तेरावा, २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या नावेत सुवर्ण. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी मनात आमच्या भागातले तलाव मोजत बसले. नवेगावबांध, इटियाडोह, शिवाय गावागणिक मामा तलाव. विहीर खोदणारा तिथवर गेला आणि पाण्यावर जन्मलेली आमची पोट्टी टायरच्या ट्यूबवर बसून जाळी टाकून राहिली.

असं शिबिर आमच्याकडे घ्यावं म्हटलं, तर अडचण ऐका. शिबिरं मे महिन्यात असतात, कारण सुट्टी. मे महिन्यात आमच्या तलावाला भेगा पडतात, मधल्या डबक्यात म्हशी असतात. तलाव भरतो तेव्हा शाळा आणि रोवणी. दिवाळीच्या सुट्टीत पाणी असतं, पण तेव्हा धानकापणी, शिंगाड्याची तोड, आणि नवेगावबांधला बाहेरदेशीचे पक्षी उतरू लागतात, तिथे गलका करून चालायचं नाही. गोसीखुर्द धरणाचं पाणी मोठं, पण त्यावर जलपर्णीचा गालिचा. तरी माझं मत दिवाळीचंच. सकाळी सहा ते आठ, गावच्या तलावात, कापणीला जायच्या आधी. शर्यतीला सरळ दोन हजार मीटर लागतात, शिकायला चारशे पुरतात. मशीन तर समाजमंदिरातही चालतं. दोन मशीनसाठी एका कचेरीत अर्ज दिला. तिथल्या साहेबांनी विचारलं, “पण मॅडम, ते ठेवायला नदीकाठी जागा आहे का?”

भादव्यात तलाव तुडुंब भरला तेव्हा भाचीने दोन फळ्या तासून घेतल्या, डोंग्याच्या काठांना दोरीने बांधल्या आणि उलटी बसली. बाबा समोरच्या टोकाला, तोंड पुढे. पुढचं दिसायचा प्रश्न असा सुटला. बाबा ओरडले, “डावा मार, डावा!” तिने स्वतःचा डावा मारला, म्हणजे बाबांचा उजवा, आणि डोंगा थेट कोणाच्या तरी शिंगाड्याच्या वेलात घुसला. कोचने यासाठीच बो साइड, स्ट्रोक साइड ही नावेच्या दोन बाजूंची ठरलेली नावं शिकवली होती. ती तिने बाबांना समजावून पाहिली. बाबा म्हणाले, “ते तुह्यं तुह्याजवळ ठेव.”

वेलातून निघून त्यांनी पुन्हा सुरू केलं. मी पाळीवर उभी होते, मला स्पष्ट ऐकू येत होतं: “देवळाकडचा मार! मोहाकडचा सोड! आता दोन्ही... हळू, पोट्टे, हळू.”